राष्ट्रसंतांची खंजिरी आणि आपला कार्यक्रम

(वर्धापनदिनापूर्वीच्या मासिक सभेत केलेले भाषण)



येत्या वर्धापनदिनी बाहेरची पार्टी न बोलावता आपणच खंजिरी भजनाचा कार्यक्रम करायचा, असे मागल्या सभेत ठरले. ज्यांची भजने आपण म्हणणार त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाचा सराव नाही. परंतु महाराजांची शाळाही लहानपणीच सुटली होती, हे आठवून धीर केला आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात, गरीब घरी झाला. नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भजन म्हणावे आणि मिळेल तो भाकरीचा तुकडा खावा, अशा त्या दिवसांवरून गुरूंनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटले, असे सांगतात. पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी स्वतःचे हेच नाव घातले.

त्यांचे वाद्य खंजिरी. एक लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे, कडेला झांजेच्या चकत्या. ती एका हातात धरता येते आणि पिशवीत घालून कुठेही नेता येते. पावसाळ्यात कातडे ढिले पडले तर जरा शेकले की झाले. पेटी-तबला नसलेल्या गावातही त्यामुळे भजनाची बैठक अडत नसे. महाराज ध्रुपद म्हणत, लोक ते उचलत. शब्द सोपे, चाल चटकन जिभेवर बसणारी. त्यांनी मराठीत आणि हिंदीत भजने रचली आणि स्वतःच गायिली.

या भजनांत देवाच्या नावाबरोबर गावाची झाडलोट आली, अस्पृश्यतेचा धिक्कार आला, व्यसनाची निंदा आली. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. १९३६ साली महात्माजींच्या बोलावण्यावरून ते आपल्या शेजारच्या सेवाग्रामला येऊन राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आपल्याच जिल्ह्यातील आष्टी येथे लोक उठले. महाराजांच्या भजनांनी माणसे पेटतात, हे सरकारने ओळखले होते. २८ ऑगस्टला चंद्रपूरला त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात सुमारे तीन महिने त्यांना ठेवले. भगिनींनो, हाती शस्त्र नाही, फक्त खंजिरी, आणि तरी सरकारला तुरुंगाचे दार उघडावे लागले! गाण्याला किती बळ असते ते यावरून कळते.

पुढे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय आहेत, त्यांत ‘महिलोन्नती’ हा अध्याय खास आपल्यासाठी आहे. तो प्रत्येकीने एकदा तरी वाचावा. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला. अजूनही पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात जमलेला अफाट समुदाय मौन धरून उभा राहतो.

आता आपल्या कार्यक्रमाकडे येते. ‘बायकांनी चौकात बसून खंजिरी वाजवावी काय?’ असे काही घरांतून म्हटले गेले. तान्ह्या पोळ्याला नंदी पाहायला आपले सारे सिंदी गाव रस्त्यावर लोटते, त्यात आपणही असतो. तेव्हा कोणाला अडचण वाटत नाही. मग त्याच रस्त्यावर भजन म्हटले तर काय बिघडते? गाणे रचणे हे तर आपले जुनेच काम आहे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम, शेतकाम करता करता त्यांनी गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या, आणि मुलाने जपून ठेवली म्हणून ती १९५२ साली पुस्तकात आली. आपल्या आयासासवांच्या ओव्या कोणी जपल्या? जाते गेले आणि त्याबरोबर त्याही गेल्या. म्हणून ज्यांना दोन-चार ओव्या येत असतील त्यांनी त्या मंडळाच्या वहीत उतरवून द्याव्यात, ही विनंती.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. आपल्यापैकी काही जणींनी मिळून दारूवर एक भजन जुळवले आहे. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि तरी दारू कशी मिळते हे कोणालाच सांगायला नको. भजनात कोणाचे नाव घेतलेले नाही. तरी एका भगिनीने हळूच विचारले, ‘गाणे म्हणून घरी गेल्यावर माझे काय होईल?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘महाराज तुरुंगाला भ्याले नाहीत, तुम्ही का भिता?’ असे तिला म्हणणे मला बरोबर वाटत नाही. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच घरात रात्र काढायची, हे तुरुंगापेक्षा सोपे नाही. माझी सूचना एवढीच आहे. ज्यांच्या घरी हे संकट नाही त्यांनी पुढे बसून ध्रुपद म्हणावे. ज्यांच्या घरी आहे त्यांनी मागे बसून नुसता ताल धरला तरी चालेल, आणि न आल्या तरी त्यांना कोणी बोल लावू नये. कार्यक्रम संपल्यावर एकटीने घरी जाऊ नये. पाच-सहा जणींनी मिळून प्रत्येकीला दारापर्यंत पोहोचवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारपूस करावी. पण भजन मात्र गाळू नये. आपण गाळले तर ते गावात दुसरे कोण म्हणणार?

तालीम रोज दुपारी भांडीकुंडी आटोपल्यावर घेऊ. दोन खंजिऱ्या आपल्याकडे आहेत, आणखी दोन वर्गणीतून आणू. कातड्याऐवजी फायबरचा पडदा असलेल्याही मिळतात. ज्यांना गळा नाही त्यांनी टाळ्या द्याव्यात, पण यावे सर्वांनी. शेजारणींनाही घेऊन यावे.