दीड चमचा इंधन



चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचताना तुम्ही पाहिलीच असेल. गुलालात न्हालेला एक गडी ती पेलतो, आणि भोवती दोर धरलेली माणसं तिचा तोल राखतात. तारांना बांधून उडवायचं छोटं इंजिनाचं विमान, म्हणजे ‘कंट्रोल लाइन’, पाहिलं तेव्हा मला हीच काठी आठवली. इथं मात्र दोर धरणारा मधोमध उभा असतो आणि नाचणारं विमान त्याच्याभोवती फिरतं. हातात मूठ, मुठीला दोन पोलादी तारा. मूठ वर कलली की विमान चढतं, खाली कलली की उतरतं. एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना हा खेळ ठाऊक आहे.

याची शर्यतही लागते. तारा 15.92 मीटरच्या, म्हणजे एक फेरी शंभर मीटर आणि शंभर फेऱ्यांत दहा किलोमीटर. तीन विमानं, तीन चालक, एकच रिंगण! इंजिन अडीच सीसीचं आणि टाकी सात सीसीची, जेमतेम दीड चमचा. त्यामुळे मधे उतरावंच लागतं. जोडीदार विमान झेलतो, इंधन भरतो, पंख्याला बोटानं झटका देतो आणि सोडतो. एका टाकीत पंचवीस फेऱ्या काढणाऱ्याला तीनदा उतरावं लागतं, चौतीस काढणाऱ्याला दोनदाच. नुसता वेगवान गडी इथं हरतो.

1950च्या दशकात नॉटिंगहॅमच्या ऑलिव्हर यांनी छोट्या कारखान्यात बनवलेलं ‘ऑलिव्हर टायगर’ इंजिन म्हणूनच, वेगाबरोबर काटकसरीसाठीही, नावाजलं. हे डिझेल इंजिन. त्याला ना स्पार्क प्लग, ना दट्ट्याला रिंग. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण नुसत्या दाबाच्या उष्णतेनं पेटतं. डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब कमीजास्त करायचा. बिडाचा दट्ट्या पोलादी सिलिंडरमध्ये असा घासून बसवायचा की सरकला तर पाहिजे, पण दाब निसटता कामा नये. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवरच्या मिस्त्रींना यातली मेख वेगळी सांगायला नको. आपल्याकडे कोलकात्याला ‘ऑरोरा’ची अशी छोटी डिझेल इंजिनं बनली.

इंग्लंडात जुन्या इंजिनांच्या शर्यती आजही होतात. इंजिन तापलेलं असताना दाब किंचित कमी करायचा, हे ज्याच्या बोटांना कळतं त्याचं विमान पहिल्या झटक्यात सुटतं. एरंडेलाचा वास मात्र कपड्यांतून जाता जात नाही. घरचे कुरकुरतात. पण जोतिबाहून परतल्यावर गुलालावरूनही ते कुरकुरतातच की!