काळ्या मातीचे थर



गावाचे दोन भाग सांगण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’. माणूस पांढरीत राहतो आणि काळीवर जगतो, असा सारा ग्रामव्यवहार या दोन शब्दांत सामावलेला आहे. पांढरीविषयी, म्हणजे घरे, वाडे, देवळे यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. काळी मात्र पायाखाली आहे एवढ्यावरच आपले समाधान असते. त्या काळीच्या पोटात काय आहे, तिचे थर कसे लागले आहेत, आणि ते थर ओळखल्यावाचून तिला बारमाही पाणी देणे धोक्याचे का, याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

उदाहरणासाठी सीमाभागातील करजगीचा मुलूख घेऊ. कलबुर्गी, म्हणजे २०१४ पर्यंत जिला आपण गुलबर्गा म्हणत होतो, त्या जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात ही करजगी आहे. दत्तभक्तांना परिचित असलेले गाणगापूर याच तालुक्यातले. जवळून भीमा वाहते आणि सीमेपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा अक्कलकोट तालुका लागतो. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, परंतु मातीने त्या सीमेची दखल घेतली नाही. मराठी शेतकरी जिला काळी म्हणतो, तिलाच कन्नड शेतकरी ‘एरे’ म्हणतो आणि तेलुगू मुलखात ती ‘रेगडी’ होते. शास्त्रीय ग्रंथांतला ‘रेगूर’ हा शब्द याच कुळातला आहे.

ही माती आली कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले आणि थिजून त्यांचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, झाला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या कातळाने व्यापलेला आहे. या एकाच कातळापासून दोन अगदी वेगळ्या मात्या झाल्या आहेत, आणि त्या दोन्ही याच सीमाभागात पाहावयास मिळतात. बीदरच्या उंच पठारावर युगानुयुगे पावसाने कातळ धुऊन काढला. चुना, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये निथळून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा व लाल माती तयार झाली. खाली भीमेच्या सखल खोऱ्यात ती विरघळलेली द्रव्ये वाहून जाण्याऐवजी साचली, आणि काळी माती जन्मास आली. एकाच आईच्या दोन मुली, एक लाल व एक काळी, असेच म्हणावयास हवे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या काळीतील मुख्य चिकण द्रव्य ‘स्मेक्टाइट’ या नावाने ओळखले जाते. ते आजच्या कोरड्या हवामानात इतक्या विपुल प्रमाणात तयार होणे शक्य नाही, असे मृदाशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. एके काळी येथील हवामान अधिक दमट होते. त्या काळात कातळ झिजून हे द्रव्य निर्माण झाले, पाण्याबरोबर उतरणीला आले आणि खोऱ्यात गाळरूपाने साचले. म्हणजे करजगीचा शेतकरी जी जमीन कसतो, ती सरून गेलेल्या एका हवामानाने मागे ठेवलेली ठेव आहे. ठेव मोडली, तर ती पुन्हा भरणारे ते हवामान आता नाही.

युक्रेनची प्रसिद्ध काळी माती आणि आपली काळी ही एकच का, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. रंग सारखा असला तरी कूळ निराळे आहे. युक्रेनची माती ‘लोएस’ नावाच्या थरावर तयार झाली. लोएस म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली धूळ. हिमयुगात बर्फाच्या कडेच्या उघड्या मैदानांवरून आणि वाळवंटांवरून वाऱ्याने अत्यंत बारीक पोयटा उचलला आणि दूरदूर अंथरला. चीनमध्ये तर पिवळ्या लोएसचे सबंध पठार आहे आणि तेथे कित्येक ठिकाणी या थराची जाडी शंभर-दोनशे मीटर भरते. हे थर वाऱ्याने आणले, पाण्याने नव्हे, हे मत रिख्तहोफेन या जर्मन भूवैज्ञानिकाने चीनच्या प्रवासानंतर १८७७ साली ग्रंथरूपाने मांडले.

लोएसचा कण पोयट्याचा, सुटा व सच्छिद्र. म्हणून त्यात पाणी सहज मुरते आणि त्याचा कडा भिंतीसारखा उभा राहतो. चीनमधील कोट्यवधी लोक अशा कड्यांत कोरलेल्या गुहाघरांत राहत आले आहेत. आपली काळी याच्या नेमकी उलट. तिच्यात निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते, आणि या चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते. तिच्यात गुहा तर राहोच, तिच्यावर बांधलेली भिंतसुद्धा धड राहत नाही. काळीवर पाया घेताना मुरूम लागेपर्यंत खोल जावे, असा गवंड्यांचा आग्रह असतो तो यासाठीच.

रंगाचेही तसेच. युक्रेनच्या मातीचा काळेपणा कुजलेल्या गवताच्या विपुल साठ्यातून आला आहे. आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. तो चिकण कणांना घट्ट बिलगून राहतो म्हणून माती काळी दिसते. रंग काळा म्हणून खत नको, ही समजूत यासाठी टाकून द्यावयास हवी. काळीत चुना व पालाश पुष्कळ असले, तरी नत्र, स्फुरद व जस्त यांची वाण असते.

युक्रेन व रशियातील त्या मातीचा अभ्यास करून दोकुचायेव या शास्त्रज्ञाने १८८३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून जगाला एक धडा मिळाला. माती ही केवळ वरून पाहावयाची वस्तू नव्हे. उभा खड्डा घेऊन तिचे थर वरून खाली वाचावयाचे असतात. तोच धडा आपण भीमाकाठच्या भारी जमिनीला लावू.

माणूसभर खोल खड्डा घेतला की प्रथम वीतभर जाडीचा रवाळ, भुसभुशीत थर लागतो. उन्हाळ्यात ढेकळे तापतात, वळवाच्या सरीने भिजतात, पुन्हा सुकतात, आणि आपोआप फुटून त्यांचा रवा होतो. जणू जमीन स्वतःच स्वतःची कुळवणी करते. हा रवाळ थर खालची ओल झाकून ठेवतो.

त्याखाली हात-दीड हात खोलीपर्यंत माती घट्ट व कोनेदार ढेकळांची असते. पिकांच्या बहुतेक मुळ्या याच भागात वावरतात. उन्हाळ्यात वरून पडलेल्या भेगा हा थर चिरून खाली उतरतात. त्या कित्येकदा हाताची बोटे सहज आत जातील इतक्या रुंद असतात. वरची सुटी माती या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात, आणि वरची माती खाली जाऊन बसते. अशी ही जमीन मंदगतीने स्वतःला ढवळत असते.

तिसरा थर सर्वांत विलक्षण. सुमारे अर्ध्या मीटरच्या खाली मातीचे गोळे पाचरीसारखे तिरपे झालेले दिसतात आणि त्यांच्या बाजू हाताने घोटल्यासारख्या तुळतुळीत असतात. फुगलेल्या मातीला वर जाण्यास वाव नसतो. मग एक गोळा दुसऱ्यावर घासून तिरपा सरकतो, आणि त्या घर्षणाने ही चकाकी येते. ही खूण दिसली की जमीन अस्सल भारी काळी आहे असे समजावे.

त्याहून खाली रंग फिकट होत जातो आणि पांढऱ्या चुनखडीचे खडे वाढू लागतात. कमी पावसाच्या मुलखात पाणी फार खोल जात नाही. ते वाटेत सुकते आणि त्यातला चुना तेथेच गोठतो. शेवटी माळाकडील शेतात मुरूम व त्याखाली कातळ लागतो, तर नदीकाठी जुन्या गाळाचे थर लागतात.

या रचनेतूनच काळीचा मोठा गुण येतो. एक मीटर खोल भारी काळीत पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावते. पावसाळ्यात ही कोठी भरावयाची, वापसा आला की आश्विनाच्या सुमारास शाळू पेरावयाचा, आणि पुढे पाऊस नसतानाही तो साठवलेल्या ओलीवर पिकवावयाचा, ही सोलापूर, विजापूर व कलबुर्गी या पट्ट्यातील परंपरा आहे. कलबुर्गीच्या तुरीची डाळ इतकी नावाजलेली आहे की २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीचे सोटमूळ या कोठीच्या तळापर्यंत पोहोचते.

परंतु ज्या गुणाने ओल टिकते, त्याच गुणाने निचरा अडतो. माती पुरती भिजून भेगा मिटल्या की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत शिरते. उरलेले उतारावरून माती घेऊन धावते. हे झाले कोरडवाहू शेताचे. बागायतीत धोका निराळा असतो. नदीचे, कालव्याचे वा कूपनलिकेचे पाणी उसाला बारमाही दिले, म्हणजे ते खालच्या घट्ट थरांवर तुंबते. पाण्याबरोबर क्षार वर चढतात. चुनखडी साचत गेली की चिकण कणांवरील कॅल्शियमची जागा हळूहळू सोडियम घेतो आणि जमीन चोपण होऊ लागते. सामान्यतः सोडियमचा वाटा शेकडा १५ झाला म्हणजे जमीन बिघडली असे धरतात. परंतु आपल्या काळीत शेकडा ५ च्या आसपासच निचरा मंदावू लागतो, असे मृदाशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे ग्रंथातली धोक्याची रेषा येण्यापूर्वीच आपले शेत धोक्यात आलेले असते.

मग पाणी देऊच नये काय? तसे मुळीच नव्हे. पाणी जरूर द्यावे, परंतु आधी खड्डा घ्यावा. चुनखडी किती खोलीवर लागते, तळाशी मुरूम आहे की चिकण गाळ, हे पाहावे. माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. जेथे निचरा नाही तेथे चर काढल्यावाचून बारमाही पीक घेऊ नये. कोरडवाहू शेतात रब्बीपूर्वी लहान चौकोनी वाफे पाडून पाऊस जागीच मुरवावा. सोलापूर व विजापूर येथे १९३० नंतरच्या दशकापासून कोरडवाहू शेतीचे जे संशोधन चालत आले, त्याचा रोख हाच आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने अशाच भारी जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसविली. तीत जास्तीचे पाणी सरीतून सावकाश निघून जाते आणि वरंब्यावरचे पीक गुदमरत नाही.

चीनचा अनुभव येथे उपयोगी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील पिवळी नदी लोएस पठाराची सुमारे १६० कोटी टन माती दरवर्षी वाहून नेत असे. पुढे उतारावर पायऱ्या पाडल्या, झाडे व गवत लावले, बंधारे घातले, आणि अलीकडे तो आकडा पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. माती राखता येते, हा त्यातला बोध. गेलेली माती मात्र तेथेही परत आलेली नाही.

लोएस हिमयुगाच्या वाऱ्याने दिली, काळी जुन्या दमट युगाच्या पावसाने दिली. देणारे दोघेही निघून गेले आहेत. वाडवडिलांचे शेत आपण सात-बारावर वा पहाणीपत्रकावर नोंदवून जपतो; त्याच शेताचे खालचे चार थरही एकदा डोळ्यांनी पाहावेत, आणि जमिनीला किती पाणी सोसते हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे, एवढीच आपणांस विनंती आहे.