पिल्लाची नखे : घरच्या घरी घ्यावयाची काळजी

(टेमघर, ता. भिवंडी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



कुत्र्याच्या पिल्लाची नखे कशी कापावीत, हा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पाणी, रस्ते, शाळा असे प्रश्न पुढे असताना पिल्लाच्या नखांसाठी वेळ कशाला द्यावा, असा विचार कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. परंतु ज्या घरात पिल्लू असते त्या घरात बहुधा लहान मूलही असते. पिल्लाचा पंजा आणि मुलाचा हात यांची गाठ दिवसातून अनेकदा पडते. त्यामुळे हा प्रश्न जितका प्राण्याच्या सुखाचा, तितकाच घराच्या आरोग्याचाही आहे.

बदललेला परिसर

टेमघरचे नाव आपल्या जिल्ह्यात शुद्ध पाण्याशी जोडले गेले आहे. उल्हास नदीचे शहाड येथे उचललेले पाणी येथे शुद्ध होऊन पुढे जाते. भोवताली भिवंडीचे यंत्रमाग, काल्हेर आणि पूर्णा येथील गोदामे आणि त्यांच्या जोडीने उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. पूर्वी घराची राखण करणारा कुत्रा अंगणात, बांधावर आणि खडकाळ वाटेवर हिंडत असे. चालता चालता त्याची नखे आपोआप झिजत. आज तोच प्राणी गुळगुळीत फरशीच्या दोन खोल्यांत वाढतो. फरशीवर नखे झिजत नाहीत, उलट वाढलेल्या नखांमुळे पाय घसरतो. बोटे फाकतात, पाऊल वाकडे पडू लागते, आणि गोधडीत किंवा गोणपाटात अडकून नख मुळापासून दुखावते. ज्या घरांत सुताचा व्यवहार आहे, तेथे बोटाला दोरा गुंडाळला गेला आहे काय, हेही पाहिले पाहिजे.

पिल्लू सपाट जमिनीवर उभे असताना नखे जमिनीला टेकत असतील, किंवा चालताना टकटक आवाज येत असेल, तर ती वाढली आहेत असे समजावे. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूस, अंगठ्याच्या जागी असलेल्या नखाकडे विशेष लक्ष द्यावे. ते जमिनीला लागत नाही, म्हणून कितीही हिंडणाऱ्या कुत्र्याचे ते झिजत नाही. दुर्लक्ष झाल्यास ते गोल वळून कातडीत रुतते. काही पिल्लांना असे नख मागच्या पायासही असते.

नखाचा जिवंत भाग

आपल्या नखाचे वाढलेले टोक निर्जीव असते. कुत्र्याच्या नखाची रचना निराळी आहे. त्याच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा बराच पुढपर्यंत येतो. तो कापला गेला तर रक्त येते आणि तीव्र वेदना होतात. पांढरट नखात हा गाभा गुलाबी दिसतो, काळ्या नखात तो दिसत नाही. नखे फार काळ वाढू दिली तर गाभाही पुढे सरकतो. नियमितपणे थोडी थोडी कापत गेल्यास तो हळूहळू मागे हटतो. म्हणून एका बैठकीत पुष्कळ कापण्यापेक्षा वारंवार थोडे कापणे हाच योग्य मार्ग होय.

आधी सवय, मग कात्री

पिल्लू घरी आल्यावर पहिले काही दिवस कात्री हातात घेऊच नये. ते शांत असताना पंजा हातात घ्यावा, एकेक बोट हलकेच दाबून नख पुढे आणावे आणि लगेच भाकरीचा कुटका किंवा उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा द्यावा. नंतर कात्री नुसती दाखवावी व नखाला टेकवावी. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत लागलेली सवय बहुधा आयुष्यभर टिकते. त्याच वयात बसलेली भीतीही तशीच टिकते. मान दाबून, ओरडून ज्याची नखे एकदा कापली, तो प्राणी पुढे पंजाला हात लावू देत नाही. मग जखम धुणे कठीण, डॉक्टरांना तपासणे कठीण, आणि अखेर ‘चावरा’ हा शिक्का बसतो. अशा प्राण्याला कंटाळून दूर नेऊन सोडण्याचे प्रकार घडतात. वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपासमार व्हावी अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

प्रत्यक्ष कृती

जागा उजेडाची असावी. एकाने पिल्लाला मांडीवर घेऊन धीर द्यावा, दुसऱ्याने नखे कापावीत. अगदी लहान पिल्लास माणसाचे नखे कापण्याचे यंत्र चालते. पिल्लू मोठे झाल्यावर कुत्र्यांसाठी मिळणारी खास कात्री घ्यावी. धार चांगली असावी, कारण बोथट कात्रीने नख चेपते आणि दुखते. आंघोळीनंतर नखे मऊ असतात, ती वेळ सोयीची.

फक्त पुढे वाकलेले अणकुचीदार टोक कापावे. पांढऱ्या नखात गुलाबी भागाच्या अलीकडे थोडे अंतर राखूनच थांबावे. काळ्या नखाचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे काप घ्यावेत आणि प्रत्येक कापानंतर कापलेली बाजू पाहावी. तिच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की गाभा जवळ आला असे समजून थांबावे. पिल्लू धडपडू लागले तर दोन नखांवर काम थांबवून उरलेली दुसऱ्या दिवशी कापावीत. लहान पिल्लाची नखे दर एक-दोन आठवड्यांनी आणि मोठ्या कुत्र्याची तीन-चार आठवड्यांनी पाहावीत.

तुरटीची पूड आधीच जवळ ठेवावी. दाढीनंतर कारागीर तुरटी फिरवतो, त्याच गुणाचा येथे उपयोग होतो. रक्त आल्यास पूड नखाच्या टोकाला लावून स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरावे. चुना किंवा तंबाखू मुळीच लावू नये. चुन्याने जखम भाजते आणि तंबाखू कुत्र्याला विषारी आहे. रक्त थांबत नसेल, नख चिरले असेल, बोट सुजले असेल किंवा नख मांसात रुतले असेल, तर घरी प्रयोग न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

ओरखडा क्षुल्लक मानू नये

कुत्रा आपला पंजा चाटतो. पिसाळलेल्या प्राण्याची लाळ नखाला असल्यास ओरखड्यातूनही रेबीजचा संसर्ग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न येणारा किरकोळ ओरखडाही दुसऱ्या श्रेणीत मोडतो आणि त्यासाठी लस सांगितलेली आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रक्त आले असल्यास लशीबरोबर आणखी उपचार लागतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. १८८५ साली पाश्चर यांची लस जोसेफ मायस्टर या मुलाला टोचण्यात आली, तेव्हापासून हा मृत्यू टाळण्याचा उपाय आपल्या हाती आहे. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्याव्यात. नखे कापल्याने ओरखडे कमी होतील, परंतु लशीचे काम कात्री करू शकत नाही.

आपणाकडून अपेक्षा

शाळेत मुलांची नखे तपासली जातात. त्याच तासाला शिक्षकांनी ओरखडा लपवू नये, तो लगेच घरी सांगावा, एवढे मुलांच्या मनावर बिंबवावे. पिल्लाची नखे कापणे हे मोठ्यांचे काम आहे, हेही सांगावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास पंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरवावा आणि तेथे एका टेबलावर नखे कापण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. एक कात्री, थोडी तुरटी आणि समजावून सांगणारा एक माणूस पुरे.

भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही भूतदया आपल्या मातीत आहे. तिला योग्य माहितीची जोड मिळाली, तर दारातले पिल्लूही सुखी राहील आणि घरातले मूलही सुरक्षित राहील. आपण हे काम आपापल्या गावात हाती घ्याल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.