पाण्यातल्या मुळांचा श्वास

मातीविना, पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर भाजी वाढवण्याच्या हायड्रोपोनिक्स पद्धतीत खताइतकेच महत्त्व पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला असते, कारण मुळेही श्वसन करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच क्षार शोषतात. तलासरीच्या खाचरांत भात पाण्यात तग धरतो तो खोडामुळांतील हवेच्या पोकळ्यांमुळे, तर डहाणूच्या खाडीतील तिवर चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढते. पालकाला किंवा लेट्यूसला एवढी भरवशाची सोय नसते. त्यातच 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना मात्र जेमतेम साडेसात, आणि किनाऱ्यावरच्या उन्हात टाकी सहज एवढी तापते. माशांच्या टाकीतला छोटा हवापंप आणि त्याच्या नळीला जोडलेला सच्छिद्र एअरस्टोन घरगुती मांडणीला पुरतो. बुडबुडे जितके बारीक, तितका हवेचा पाण्याशी संपर्क अधिक. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होऊन कुबट वास मारू लागली, तर खत वाढवणे व्यर्थच. टाकी सावलीत ठेवावी आणि पंप पाण्याच्या पातळीहून उंच टांगावा, अन्यथा वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात शिरते.