बंब सगळ्यांचा, वर्गणी कोणाची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या स्मृतीची देवळं असलेल्या या सावलीत आपली घराणी पिढ्यान् पिढ्या नांदली. गाव मात्र फार बदललं. मंजुसरच्या जीआयडीसीत दिवसरात्र पाळ्या चालतात, आपल्याच घरांतली मुलं तिथे कामाला जातात. सावलीच्या कारखान्यात मेट्रोचे डबे बनतात. आग विझवण्याची सोय त्याच वेगानं वाढायला हवी, एवढ्यासाठीच आज बोलायचं आहे. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेलो, पण हे बोलणं सरकारच्या वतीनं नाही, सावलीकर म्हणून आहे.

आधी साधा हिशेब करू. वडोदरा इथून सुमारे ३० किलोमीटर. पाण्यानं भरलेला बंब ताशी ४० च्या वेगानं निघाला तरी पाऊण तास लागतो. आग तेवढा वेळ थांबत नाही. सुरतला २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीत २२ विद्यार्थी गेले. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी २७ माणसं गेली. ती तर मोठी शहरं, बंब गावातच होते.

७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत आलं. पण लहान नगरपालिकेनं एकटीनं हे पेलायचं कसं? एका बंबावर चालक आणि प्रमुख धरून सहा माणसं लागतात. तीन पाळ्यांची अठरा झाली. रजा, आजारपण, साप्ताहिक सुटी धरा, म्हणजे चोवीसच्या आसपास. गाव लहान म्हणून ही संख्या कमी होत नाही. म्हणून सावली नगरपालिका, मंजुसरचे कारखानदार आणि आसपासच्या पंचायती यांनी मिळून एक केंद्र चालवावं, आणि हालोल व वडोदऱ्याशी परस्पर मदतीचा करार करावा, असं आम्हाला वाटतं.

कल्पना नवी नाही. अंकलेश्वरला कारखानदारांनी मिळून आपत्ती व्यवस्थापन केंद्र उभं केलं. ब्रिटनमध्ये शेजारच्या कौन्सिलांची एकत्रित अग्निशमन प्राधिकरणं आहेत. आणि ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत आग लागली, तेव्हा एवढ्या मोठ्या कारखान्यालाही बाहेरचे बंब लागलेच.

आता पैशांचं. हत्ती घेणं एकदाचं असतं, चारा रोजचा असतो. इमारत आणि गाडीसाठी अनुदान मिळू शकतं. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यात आपल्यासारख्या राज्यांनी २५ टक्के वाटा उचलायचा आहे. पण पगार, डिझेल, होजपाइप, सराव हा चारा दरमहा लागतो. भागीदारी तुटते ती इथेच.

वर्गणीचं आपल्याला वेगळं सांगायला नको! फक्त लोकसंख्येवर वाटणी केली, तर कारखान्यांच्या धोक्याचा भार नगरपालिकेवर पडेल, कारण मंजुसरला राहणारे थोडे आणि रसायनांची पिंपं जास्त. फक्त धोक्यावर केली, तर कारखानदार म्हणतील, बंब आमचा. म्हणून समजा वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख आला, तर ६० लाख लोकसंख्येनुसार आणि ६० लाख धोक्यानुसार वाटावेत. तीन महिन्यांची रक्कम आगाऊ, वेगळ्या खात्यात. वर्षाअखेरीस हिशेब फलकावर, जसा आपला मंडळाचा लागतो.

एक गोष्ट मुळीच करू नये. दर फेरीमागे बिल लावू नये. बिलाच्या भीतीनं एखादा सरपंच म्हणेल, जरा पाहू, विझतंय का. ती दहा मिनिटं कोणाच्या तरी जिवावर बेततात. आणि महिनाभर आग लागली नाही, म्हणजे पैसे वाया गेले असंही नाही. आपण पैसे देतो ते तयार उभं राहण्याचे.

कारभाराचंही तसंच. समितीनं अंदाजपत्रक ठरवावं, नेमणुका पाहाव्यात. पण बंब कुठे जाणार, हे अधिकाऱ्यानंच ठरवावं, कोणाच्या फोननं ते बदलू नये. दोन ठिकाणांहून एकदम वर्दी आली, तर जिथे माणसं अडकली तिथे आधी, हे लेखी हवं. हालोल पंचमहाल जिल्ह्यात येतं, त्यामुळे तिथून मदत मागवायची रीत दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना आधीच माहीत असावी. कोणाला भागीदारीतून बाहेर पडायचं असेल, तर वर्षभराची सूचना द्यावी आणि गाडी केंद्रातच राहावी. आग लागल्यावर फाइल उघडून हे ठरवता येत नाही.

बसवलेला गणपती सगळ्यांचा असतो, तरी रात्री मांडवात कोणी झोपायचं याची यादी आपण करतोच ना? तेवढीच शिस्त इथे हवी.

आमची विनंती एवढीच. दिवाळीच्या फटाक्यांआधी नगरपालिका, कारखानदार आणि सरपंच यांना एका टेबलाशी बसवावं. मंडळानं पत्र लिहावं, त्यावर प्रत्येक घराची सही असावी. मसुदा लिहायचं काम आम्ही घेतो. त्या कामाची आम्हाला सवय आहे.

गणपती बाप्पा मोरया!