रोज तीन गणितं

(हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मागच्या सभेत एका वडीलधाऱ्यांनी सरळ विचारलं, "पाड्यावर औषधं, धान्य, गणवेश देतो ते समजतं. पण एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा सराव आपण का घ्यायचा?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देतो.

आपल्या अभ्यासिकेत भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. करणारी चार मुलं-मुली येतात. घरातून महाविद्यालयात गेलेली ती पहिलीच. त्यांना 'जॅम' ही परीक्षा द्यायची आहे. मुंबई, खरगपूर, रुरकी अशा आयआयटींमध्ये भूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला प्रवेश या परीक्षेतून मिळतो. परीक्षा वर्षातून एकदाच होते. एक वर्ष हुकलं की घरचे म्हणतात, "आता पुरे, कामाला लाग." मुलगी असेल तर लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून सरावाची निकड आहे.

पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी तीन मिनिटं. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात 30 प्रश्न, चारांतला एक पर्याय निवडायचा, 50 गुण. इथे चुकलं तर गुण कापतात : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. दोन गुणांचे बारा प्रश्न अंदाजाने ठोकले आणि सगळे चुकले, तर हातातले आठ गुण जातात. दुसऱ्या भागात 10 प्रश्न, एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर निवडले तरच गुण. तिसऱ्या भागात 20 प्रश्न, उत्तराची संख्या स्वतः काढून भरायची. या शेवटच्या दोन भागांना मिळून 50 गुण आहेत आणि तिथे चुकीबद्दल काहीच कापत नाहीत. आपली मुलं नेमकी तिथेच जागा कोरी सोडत होती. चुकण्याची भीती शाळेपासून अंगात मुरलेली असते, ती सांगून जात नाही. पेपर सोडवून सोडवूनच जाते.

आता सराव म्हणजे काय, ते तीन गणितांतून पाहा.

पहिलं भूकंपाचं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात धक्के बसू लागले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, हे आपल्याला आठवतं. भूकंपाची पी लहर आधी पोचते, एस लहर मागून. पी सेकंदाला 6 किलोमीटर, एस 3.5 किलोमीटर, आणि दोन्हींत 3 सेकंदांचं अंतर, तर केंद्र किती दूर? दोन्ही वेगांचा गुणाकार 21, वजाबाकी 2.5, भागाकार 8.4. त्याला 3 ने गुणा : साधारण 25 किलोमीटर.

दुसरं खडकाच्या थराचं. सपाट जमिनीवर थराची रुंदी, थराच्या दिशेला काटकोनात मोजली, तर 100 मीटर भरते. थर 30 अंशांनी कललेला आहे. खरी जाडी किती? 100 गुणिले साइन 30, म्हणजे 50 मीटर. घाईत कोसाइन घेतला तर 86.6 येतात. म्हणून आधी आकृती काढायची, मग सूत्र.

तिसरं पाण्याचं. दोन विहिरींमध्ये 400 मीटर अंतर, पाण्याच्या पातळीत 2 मीटरचा फरक. थरातून पाणी झिरपण्याचा गुणांक रोज 10 मीटर, सच्छिद्रता 0.2. पाणी किती वेगाने सरकतं? 10 गुणिले 2 भागिले 400, म्हणजे 0.05. बरीच मुलं इथेच थांबतात. पाणी फक्त पोकळ्यांतून वाहतं, म्हणून 0.2 ने भागायचं राहतं : रोज 0.25 मीटर. या हिशोबाने 100 मीटरवरच्या शोषखड्ड्यातलं पाणी विहिरीपर्यंत यायला 400 दिवस लागतात. हे गणित कळलेला मुलगा उद्या पाड्यावरची विहीर कुठे खणायची ते सांगू शकेल. त्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आमची पद्धत साधी आहे. रोज तीन गणितं, घड्याळ लावून. शनिवारी जुना पूर्ण पेपर, सलग तीन तास. परीक्षेत पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागतो, म्हणून सरावातही तोच. प्रत्येकाची एक चुकांची वही. त्यात फक्त उत्तर लिहायचं नाही. चूक कशी झाली ते लिहायचं : एकक बदललं नाही, सूत्र विसरलो, की प्रश्नाचं इंग्रजीच कळलं नाही. आमच्या वह्यांत हे तिसरं कारण सगळ्यात जास्त वेळा येतं. पेपर इंग्रजीत असतो आणि ही मुलं बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. खडक हातात दिला तर ओळखतात, पण प्रश्नाचं वाक्य लांबलं की अडखळतात. म्हणून रोज एक प्रश्न मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, असा नेम ठेवला आहे.

आता आपल्याकडे मागणं. जुने पेपर फुकट मिळतात. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना परीक्षेचं शुल्क कमी आहे आणि जागाही राखीव आहेत. पैशांची गरज आहे ती दोन संगणकांसाठी, इंटरनेटसाठी आणि परीक्षा केंद्राच्या प्रवासासाठी. त्याहून मोठी गरज माणसांची. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेत आयुष्य काढलेले आहेत. भूविज्ञान येत नसलं तरी चालेल. शनिवारी तीन तास घड्याळ घेऊन बसा, एककं तपासा, इंग्रजी वाक्य समजावून सांगा. पेपर संपल्यावर मुलाला विचारा, "कुठे अडलास?" आजवर हा प्रश्न त्यांना घरी कोणी विचारू शकलं नाही, कारण विचारणाऱ्यांनाच शिकायला मिळालं नव्हतं.

चौघांपैकी किती जणांना प्रवेश मिळेल, ते मी सांगू शकत नाही. पण कोणीही सराव कमी पडला म्हणून मागे राहू नये, एवढं आपल्या हातात आहे. ज्यांना शनिवार देता येईल, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव नोंदवावं.