ढेकूळ आणि बाटली
(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीला हात वर करायला सांगतो. किती जणांच्या घरी थोडी का होईना शेती आहे? बरेच हात आहेत. आता त्यातल्या किती जणांनी आपला सातबारा स्वतः वाचला आहे? बघा, निम्मे हात खाली गेले. लाजू नका. सहा वर्षांपूर्वी माझाही हात खालीच असता.

मी इंजिनियर आहे, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. कृषी पदवी माझ्याकडे नाही. लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात आमची सात एकर काळी जमीन आहे, कोरडवाहू. अब्बा सोयाबीन घेतात, थोडी तूर, आणि ओल राहिली तर हरभरा. सातातला दीड एकर अब्बांनी माझ्या बहिणीच्या नावावर करून दिला आहे. ती शिक्षिका आहे. आज जे सांगणार आहे ते त्या दीड एकरात घडलं. चुका माझ्या, जमीन तिची. हे आधीच सांगितलं नाही तर घरी गेल्यावर ती मला सोडणार नाही.

२०२० साली लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. दीड वर्ष राहिलो. लहानपणी सुटीत शेतात जाणं वेगळं आणि सलग दोन खरीप डोळ्यांनी बघणं वेगळं. आमच्या घरात दखनी बोलतात, पण रानात पाय ठेवला की अब्बांची भाषा बदलते. वापसा, पाळी, धसकट, तिफण, चिबड. हे शब्द मला ऐकून माहीत होते, अर्थ नीट माहीत नव्हता. त्या दीड वर्षात अब्बांच्या वहीतून खर्च काढला. नांगरट, रोटा आणि दोन पाळ्या मिळून पेरणीच्या आधीच एकरी चार हजारांच्या आसपास जात होते. पाऊस यायच्या आधी, एक दाणाही जमिनीत पडायच्या आधी.

मग मी विचारलं, नांगरट कशासाठी? अब्बा म्हणाले, ‘‘जमीन भुसभुशीत होते, तण मरतं. माझ्या बापाने केली, त्यांच्या बापाने केली.’’ मी म्हटलं, दादांनी लाकडी नांगर चालवला असेल आणि तोही दरवर्षी नाही. ट्रॅक्टर आणि रोटा आपल्या रानात आले कधी? त्यावर अब्बा गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, राग आला म्हणून.

काळ्या जमिनीचं थोडं समजून घ्या. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा मातीत पाणी आणि हवा फिरायला ज्या बारीक वाटा लागतात, त्या जुन्या मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या असतात. नांगर त्या तोडतो. रोटा ढेकळांचं पीठ करतो. त्या पिठावर जोराचा पाऊस पडला की वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत जायच्या ऐवजी वरून पळतं. खाली दरवर्षी त्याच खोलीवर फाळ फिरल्याने तव्यासारखा कडक थर बसतो. शिवाय उकरलेल्या मातीतलं सेंद्रिय द्रव्य हवेच्या संपर्काने लवकर जळून जातं. आणि मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंक त्यातूनच तयार होतो.

यातलं काहीही मी शोधलेलं नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं विनानांगरणी शेतीबद्दल लिहीत आणि बोलत आले आहेत. नेरळजवळ सगुणा बाग उभारणारे चंद्रशेखर भडसावळे यांनी आधी भातासाठी ‘सगुणा राईस तंत्र’ बसवलं आणि पुढे ते इतर पिकांतही गेलं. एकदाच गादीवाफे करायचे आणि नंतर नांगरायचं नाही. पीक कापायचं, उपटायचं नाही. मुळं जमिनीतच कुजू द्यायची. रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत तर हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये काळ्या जमिनीसाठीच अभ्यासली गेली आहे. मी फक्त वाचलं, व्हिडिओ बघितले, दोन शेतकऱ्यांच्या रानात जाऊन आलो.

अब्बांनी त्यांच्या साडेपाच एकरात हात लावू दिला नाही. बहीण म्हणाली, ‘‘माझ्या दीड एकरात कर. पण नुकसान झालं तर भरून देणार का?’’ मी हो म्हटलं. पगारदार माणसाला असं हो म्हणणं सोपं असतं.

२०२२च्या मे महिन्यात साडेचार-साडेचार फुटांवर सऱ्या पाडून वरंबे केले. अब्बांच्या मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं भुसकट आणून वर पसरलं. जूनअखेर टोकण यंत्राने सोयाबीन टोकलं, कडेच्या वरंब्यांवर तूर. उगवण सुंदर झाली. रोपांना चार पानं आली आणि गोगलगायी आल्या.

ज्यांचं घर लातूर, बीड, धाराशिवकडे आहे त्यांना २०२२चा जुलै आठवत असेल. गोगलगायींनी त्या वर्षी हजारो शेतकऱ्यांचं सोयाबीन रात्रीत कुरतडलं, कित्येकांनी दुबार पेरणी केली. आमच्या गावात सगळ्यांत जास्त गोगलगायी कुठे होत्या? माझ्या भुसकटाखाली. त्यांना मी ओली, सावलीची गादीच अंथरून दिली होती. अम्मी आणि मी संध्याकाळी गोणपाटं ओली करून ठेवायचो, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पंधरा दिवस हेच काम. अब्बांना त्या वर्षी एकरी आठ क्विंटल झालं, बहिणीच्या रानात चार. मी तिला पैसे भरून दिले. तिने ते घेतले, हेही बरोबरच केलं.

तेव्हा सोडून द्यायला हवं होतं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. माझ्या कामात एखादी गोष्ट फसली की संध्याकाळपर्यंत कळतं आणि रात्रीतून दुरुस्ती होते. शेतात एक प्रयोग म्हणजे एक वर्ष. माणसाच्या आयुष्यात असे तीसचाळीस प्रयोग. अब्बा नवीन गोष्टीला घाबरतात असं मी मनात म्हणायचो. ते मोजूनमापून चालत होते हे मला चार क्विंटलनंतर समजलं.

दुसऱ्या वर्षी भुसकट पेरणीआधी न पसरता पीक गुडघ्याला आल्यावर ओळींच्या मधे घातलं. आणि मी एक इंजिनियरगिरीही केली. मातीतली ओल मोजणारा सेन्सर आणला, मोबाईलला जोडला. पुण्यात बसून मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बहिणीच्या रानातली ओल बघायचो. २०२३चा ऑगस्ट भारतात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे आभाळ नुसतं दिसायचं. गावात पावसासाठी इस्तिस्काची नमाज झाली. महिन्याच्या शेवटी सेन्सरने शून्य दाखवलं. मी घाबरून अब्बांना फोन केला, पीक गेलं म्हणून. ते रानात गेले, वरंब्यात हात घातला आणि मला म्हणाले, ‘‘मशीन कू छोड, मिट्टी कू हात लगा के देख.’’ झालं असं होतं की सेन्सरच्या शेजारूनच भेग गेली होती आणि त्याचा मातीशी संबंधच तुटला होता. भुसकटाखाली चार बोटांवर माती थंड आणि ओलसर होती.

त्या वर्षी अब्बांना एकरी साडेचार क्विंटल झालं, बहिणीला साडेपाच. फरक एका क्विंटलचा. त्या हंगामाचा हमीभाव ४,६०० होता आणि बाजारात तेवढाही सहज मिळत नव्हता. पण नांगरट-पाळीचे चार हजार तिचे मुळात गेलेच नव्हते. फवारणी आणि टोकणीच्या मजुरीत त्यातले दीडेक हजार परत गेले, हेही लिहून ठेवलं आहे.

फवारणीबद्दल थोडं थांबतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नांगर थांबवला की तणाचं करायचं काय? या पद्धतीत बरेच शेतकरी तणनाशक वापरतात, मीही वापरलं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले, त्यामागे आरोग्याचीच काळजी होती. बहिणीने सरळ विचारलं, ‘‘हे आपल्या विहिरीत जाणार का?’’ माझ्याकडे छातीठोक उत्तर नव्हतं. म्हणून आता पेरणीआधी ते मारत नाही. तण फुलावर यायच्या आत ग्रास कटरने कापतो आणि तिथेच पाडतो. मजुरी वाढते. कुणी तुम्हाला सांगितलं की निसर्गाला पूरक शेतीत खर्चच नसतो, तर त्यांना वही दाखवायला सांगा.

आता ढेकळांकडे येतो. २०२४च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पडला तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर एका एकरावर ओतल्यासारखं. त्यातलं किती मुरलं आणि किती माती घेऊन ओढ्याला गेलं, यावर पुढचा हंगाम ठरतो. पाऊस उघडल्यावर अब्बांच्या रानातून ओढ्याला जाणारं पाणी चहासारखं होतं. बहिणीच्या सरीतलं गढूळच, पण पलीकडचा हात दिसेल इतपत.

मी घरी दोन काचेच्या बरण्या घेतल्या. तोंडाशी जाळी बसवली, पाणी भरलं. एका जाळीवर अब्बांच्या रानातलं वाळलेलं ढेकूळ ठेवलं, दुसरीवर धुऱ्यावरचं, जिथे कधीच नांगर लागलेला नाही आणि गवताची मुळं आहेत. अब्बांचं ढेकूळ दोन मिनिटांत विरघळून तळाला गेलं. धुऱ्यावरचं अर्धा तास तसंच. अब्बा खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, ‘‘तिच्या रानातलं आण.’’ आणलं. ते पूर्ण टिकलं नाही. कडा सुटल्या, पण गाभा राहिला. तीन पावसाळ्यांत तेवढंच झालं होतं. अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सहा इंच व्यासाचा बुडाशिवायचा डबा घेऊन माझ्याबरोबर रानात आले. डबा जमिनीत ठोकायचा, एक इंच पाणी ओतायचं, जिरलं की पुन्हा एक इंच ओतून घड्याळ लावायचं. अब्बांच्या रानात दुसरा इंच जिरायला पाऊण तास लागला, वरंब्यावर १२ मिनिटं. भेगेवर डबा ठोकू नका, आकडा खोटा येतो.

मग २०२५ आलं. त्या सप्टेंबरबद्दल तुम्हाला सांगायला नको. मांजरा, तेरणा, सीना, सगळ्या नद्या पात्राबाहेर. आमच्या ओढ्याने वाट बदलली आणि बहिणीच्या दीड एकरातला खालचा अर्धा एकर खरडून नेला. वरंबे, गांडुळं, तीन वर्षांचं सगळं काम. तिथे आता मुरूम दिसतो. पंचनामा झाला आहे. ओढाच अंगावर आला तर माती कितीही चांगली असो, काही उपयोग नाही, हे मी स्वतः बघितलं आहे. वरच्या एक एकरातलं सोयाबीनही वाचलं म्हणता येणार नाही. शेंगांना कोंब फुटले, दोन क्विंटल डागी माल हाताला लागला. अब्बांना त्याहून कमी.

फरक पडला तो त्यानंतर. पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशी वरंब्यावरून चपला घालून चालता येत होतं. अब्बांच्या रानात गुडघ्यापर्यंत पाय रुतत होता, कित्येक दिवस वापसाच येईना. नांगरल्याशिवाय पेरायचं नाही म्हटलं की वापशाची वाट बघावी लागते, आणि तोवर हरभऱ्याची वेळ निघून जाते. बहिणीच्या एकरात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सोयाबीनच्या धसकटांमध्ये हरभरा टोकला. अब्बांची पेरणी त्यानंतर जवळजवळ महिन्याने झाली, तीही साडेतीन एकरांचीच.

उरलेले दोन एकर त्यांनी नांगरलेच नाहीत. मला फोनवर सांगितलं नाही, बहिणीकडून कळलं. येत्या मेमध्ये तिथे वरंबे पाडायचे म्हणतात. नांगर मात्र विकलेला नाही, शेडमध्ये ग्रीस लावून ठेवला आहे. आणि खालच्या अर्ध्या एकराचं काय करायचं यावर घरात अजून भांडण चालू आहे. अब्बा म्हणतात तळ्यातला गाळ आणून टाकू. बहीण म्हणते आधी ओढ्याच्या कडेला बांबू आणि गवत लावा, नाहीतर गाळही वाहून जाईल. माझं मत तिच्या बाजूला आहे, पण त्या अर्ध्या एकराचा निर्णय तिने घ्यायचा.

दोन्ही बरण्या मी आज बरोबर आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. पिशवीत तिन्ही ठिकाणची ढेकळं आहेत, चिठ्ठ्या लावलेल्या. जेवणाच्या सुटीत पाणी भरू. आणि ज्यांचे हात मघाशी वर होते त्यांनी पुढच्या वेळी आपापल्या रानातलं एक आणि धुऱ्यावरचं एक ढेकूळ घेऊन या. वाळवून आणा, ओलं ढेकूळ चालत नाही.